पडवीतला जॅक माझ्याकडे आहे

ठाणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

बाबा, पडवीत गाडी उचलायचा जॅक शोधत असाल तर शोधू नका. दिवाळीनंतर आम्ही निघालो त्या पहाटे तुम्ही आगरात शिपणं करत होतात, तेव्हा मी तो डिकीत ठेवला. विचारलं असतं तर तुम्ही दिला नसतात, आणि तो तिथे ठेवून मला निघवत नव्हतं. चिपळूण येईपर्यंत दोनदा वाटलं, फोन करून सांगून टाकावं. धीर झाला नाही. न सांगता नेला, त्याची माफी मागते.

श्रावणातला प्रकार आईने मला आठ दिवसांनी सांगितला. तिच्यावर रागावू नका. चाक काढलेलं, जॅक बसला, चाकामागचा ब्रेकचा ड्रम चिऱ्यावर आदळला आणि तुमचा हात नेमका तेव्हाच नट घ्यायला वळलेला. तो तडकलेला चिरा मी दिवाळीत पाहिला. आईने त्यावरच रांगोळी काढली होती.

इथे आल्यावर मी जॅक मेकॅनिकला दाखवला. त्याने गाडी चढवली आणि नुसता उभा राहिला. पाच मिनिटांत गाडी दोन बोटं खाली. आतलं सील झिजलंय, त्यामुळे दाबाखालचं तेल मागे सरकतं. म्हणजे चूक तुमची नव्हती, तुमच्या हाताचीही नव्हती. पण तो ३२ किलोचा आहे बाबा, आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले ते आपण तिघांनी ऐकलंय.

म्हणून नवा घेतला. ॲल्युमिनियमचा, दीड टनाचा, वजन १२ किलो. दीड टन ऐकून नाक मुरडू नका. आपली वॅगनार रिकामी ८००-८५० किलोची, आणि आपण एका वेळी एकच कोपरा उचलतो. तुमच्या तीन टनी जॅकची ताकद आपल्याला कधी लागलीच नव्हती, लागत होतं ते त्याचं वजन वाहायला बळ. आधी मी बाटलीचा, म्हणजे बाटलीसारखा उभा असतो तो जॅक बघितला, चार किलोचाच असतो. पण तो खाली बसवला तरी १८-२० सेंटिमीटर उंच. चाक पंक्चर होऊन बसलं की गाडीचा काठ त्याच्याही खाली येतो, मग सारणार कुठून? हा नवा ९ सेंटिमीटरच्या फटीतून आत जातो. गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक सगळ्यात हलका, पण उकिडवं बसून तो फिरवत राहायचा, तुमच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. आई, तू म्हणशील बटणावर चालणारा का नाही घेतला. तोही आतून कात्रीचाच गं, बूड अरुंद. पावसाळ्यात आपल्या अंगणात मला त्याचा भरवसा वाटेना.

खाऱ्या हवेचंही विचारून घेतलं. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण आतला दट्ट्या, चाकं आणि बोल्ट लोखंडीच आहेत. बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतात तिथे समुद्राकाठी पांढरी पूड धरते. तेव्हा महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून, कोरडा करून सांध्यांना तेल द्या. आणि दट्ट्या पूर्ण खाली बसवूनच ठेवा.

आता हे मात्र माझं ऐका. चाक बदलायचं ते फक्त कोब्यावर. हा जॅक गाडी वर जाताना स्वतः थोडा पुढे सरकतो. सारवलेल्या जमिनीत त्याची चाकं रुतली की तो सरकत नाही आणि गाडी तिरकी ओढली जाते. हँडब्रेक लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, काढायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. नट आधी ढिले करा, मग चढवा. काठाखाली रबराची गादी घालायला विसरू नका, नाहीतर पत्रा मुडपतो. चाक काढण्याआधी स्टेपनी आडवी गाडीखाली सरकवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. सोबत उचललेल्या गाडीला खालून टेकू द्यायचे दोन स्टँडही पाठवतेय. तेलाचं नळकांडं बघायलासुद्धा स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही. हात नाही, डोकं नाही, काही नाही. आणि घाटात पंक्चर झालं तर तुम्ही गाडीत बसा आणि मंदारला फोन करा.

चाक बदलणं सोडा, असं मी म्हणत नाहीये. ते मला तुमच्याकडून काढून घ्यायचंच नाही. पाखाडीच्या टोकाशी, भर पावसात, मी बॅटरी धरायची आणि तुम्ही एकेक नट व्हीलकपात टाकायचात. सगळे आले असं मी मोजून सांगितल्याशिवाय तुम्ही चाकाला हात लावायचा नाहीत. मी तेव्हा दुसरीत होते, आणि तुम्ही माझ्या मोजण्यावर थांबायचात. अजूनही थांबा. चाक बदलायचं असेल तेव्हा आईला शेजारी उभी ठेवा, फोन तिच्या हातात असू दे.

जुना जॅक भंगारात घातलेला नाही. पुसून, तेल लावून आमच्या गॅलरीत ठेवलाय. नवं सील मिळतं, मी बसवून घेणार आहे. मग तुम्ही म्हणाल तिथे ठेवू. नवा मंदारच्या गाडीतून शनिवारी येईल. तो उतरवून घेईल, तुम्ही डिकीपाशी जाऊ नका.

आई, आगळाच्या दोनच बाटल्या दे, चार नको. बीपीची गोळी सकाळचीच आहे ना, रात्री घेत नाहीस ना?

तुमची,
चिमी

ता. क. कोबा ओला असेल तर जॅकखाली रुंद फळी घाला, चारही चाकं तिच्यावर मावली पाहिजेत. पण माडीवरची पाळण्याची नको. न्हाणीमागे फणसाची पडलीय, ती घ्या.