खारीसाठी चिकट कागद नको

महोदय,

उन्हाळा लागला की आमच्याकडे चिमण्यांसाठी अंगणात ज्वारीची कणसं टांगतात. खारी ती फस्त करतात, म्हणून काही जण खांबाला ग्रीस फासतात, नाहीतर उंदराचा चिकट कागद लावतात. परवा शेजारी अशा कागदावर चिमणीच अडकली. खोबरेल लावून पाय सोडवले, पण एका पंखाची पिसं कागदालाच राहिली. कृपा करून हे बंद करा. कणसं फांदीला न बांधता दोन खांबांमधल्या तारेवर मधोमध टांगा आणि दोन्ही बाजूंनी तारेत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या ओवा. खारीचा पाय पडला की बाटली गरकन फिरते. दाण्यांना तिखट चोळलं तरी चालतं. ते खारीला झोंबतं, पक्ष्यांना नाही. आणि मूठभर दाणे निंबाच्या बुडाशी खारीसाठीही टाका, उन्हाळा तिलाही आहेच.

— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा