रात्रीचा ओटा आता बाबांकडे

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायचं टाळलं, कारण फोनवर आई "बरं बरं, बघू" म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, तू आधी वाचून बाबांना गोषवारा सांगायचा नाहीस. तुझे गोषवारे मला माहीत आहेत.

ठरलंय ते असं: सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक आईने करायचा नाही, बाबा करतील. दादा-वहिनीशी बोलून झालंय. एक रुंद लोखंडी कढई, वजनकाटा आणि बसून चिरता येईल असं पाठीचं स्टूल पाठवलं आहे, या आठवड्यात पोहोचेल. "कशाला उगाच खर्च" हे वाक्य मी इथूनच ऐकलं, त्यामुळे पुन्हा म्हणायची गरज नाही.

आई, आधी तुझ्याशी बोलते. तुझ्याकडून काही काढून घेत नाहीये गं. सकाळ तुझीच, शनिवार-रविवार तुझे, पाहुणे तुझे. तुझी ती जुनी कढई कुणी हलवणार नाही, तिच्या जागेवरच राहील. पण मागच्या वेळी आले तेव्हा तू रात्री ओट्याला पोट टेकून उभी होतीस, डावा पाय जमिनीपासून जरासा उचललेला, आणि तोंडाने मला सांगत होतीस की गुडघा आता एकदम ठीक आहे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू तो पाय खाली टेकवला असतास, बाकी काहीच बदललं नसतं.

आणि बाबा, तुमच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलंय ते मी पाहिलं. रात्री दोघंही "भूक नाही, थोडंसंच" म्हणून उरलंसुरलं खाऊन उठता. वाढत्या वयात स्नायू आपोआप झिजतात, आणि नेमकी तेव्हाच प्रथिनांची गरज वाढते. साठी-पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे बाबांच्या साठ किलोला 60 ते 72 ग्रॅम. 100 ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये 22 ग्रॅमच्या आसपास असतात. दोघांत मिळून 250 ग्रॅम चिकन केलं तर एकेकाला 27-28 ग्रॅम एका जेवणातच मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून तुमचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून विचारून घेतलंय. चालेल म्हणाले. तेव्हा तीही पळवाट बंद.

मी तिथे येऊन हे सगळं करू शकत नाही आणि इथून हुकूम सोडतेय, हे मला कळतं. रात्री जेवताना ते कळणं घशाशी येतंच. पण यंदा इथलं सोडून येणं जमणार नाही, हे आपलं बोलून झालंय, आणि तुम्ही दोघांनी ते इतक्या समजुतीने घेतलंत की मलाच अपराध्यासारखं झालं. निदान तुमच्या ताटात काय पडतंय, एवढं तरी मला माहीत असू दे.

आता बाबा. घाबरू नका. कुकरच्या त्या प्रकरणाचा उल्लेख या पत्रात कुठेही होणार नाही. चिकन स्टर-फ्राय, म्हणजे मोठ्या आंचेवर भराभर परतलेलं चिकन आणि भाज्या, मुद्दाम निवडलंय. मीही ऑफिसातून आल्यावर दमलेली असले की हेच करते. गॅससमोर उभं राहायचं ते जेमतेम दहा मिनिटं, बाकी सगळं खुर्चीत बसून. शिवाय हा पदार्थ तुमच्या स्वभावाचा आहे. गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून, मोजून, वाट्यांत काढून ओळीने मांडलेलं लागतं, कारण एकदा सुरू झालं की मध्ये थांबून कांदा चिरायला उसंत नसते. परीक्षेच्या आदल्या रात्री माझी कंपासपेटी उघडून तुम्ही पेन्सिलीची टोकं बोटाने तपासायचात ना, अगदी तसं. मी झोपल्याचं सोंग करून बघत असायची.

चिकन बोनलेस ब्रेस्टचं घ्या. फ्रीझरमधलं असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात काढून ठेवा. ओट्यावर तासन् तास ठेवून वितळवायचं नाही. ताजं असेल तर उलट अर्धा तास फ्रीझरमध्ये टाका. थोडं घट्ट झालं की पातळ कापता येतं, सुरीखालून सरकत नाही. आता नीट निरखून बघा, मांसात एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा दिसतील. त्या रेषांना आडवं कापायचं, पाव इंचाहून जाड नाही. रेषांच्या दिशेने कापलंत तर लांब दोऱ्यांसारखं चावत बसावं लागेल, आणि आईच्या डाव्या बाजूच्या दातांना ते झेपणार नाही. संबंध पाककृतीत एवढी एकच गोष्ट नीट जमली तरी माझी तक्रार नाही.

चिकन नळाखाली धुवायचं नाही. आई, मला माहीत आहे तू धुतेस. पण धुऊन जंतू मरत नाहीत, उडालेल्या थेंबांबरोबर बेसिनभर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर पसरतात. मरतात ते शिजवल्यावर. ओलं वाटलं तर कागदी रुमालाने टिपा आणि तो लगेच कचऱ्यात टाका. भाज्या आधी चिरून घ्या, चिकन सगळ्यात शेवटी. मग फळी, सुरी आणि हात साबणाने स्वच्छ. आणि कच्चं चिकन ज्या भांड्यात होतं, त्यात शिजलेलं परत काढायचं नाही.

कापलेल्या चिकनला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा तेल आणि मिरपूड चोळून पंधरा मिनिटं ठेवा. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर बसला की आतला रस आत राहतो आणि पुढे सॉसही छान चिकटतो. काही जण मऊपणासाठी खाण्याचा सोडा लावतात. आपल्याला नको. तो लावला की चिकन धुवावं लागतं, आणि सोड्यातही सोडियमच.

मीठ वेगळं घालायचंच नाही. हे वाक्य बाबांनी मोठ्याने वाचावं. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत सांगते. म्हणून दोघांत मिळून फक्त एक मोठा चमचा, म्हणजे तीन छोटे. एक चिकनला लावलात, उरलेले दोन सॉसमध्ये. कमी सोडियमचा सोया सॉस मिळाला तर उत्तम, पण बाटलीवर पोटॅशियम क्लोराईड लिहिलंय का ते बघा. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा तसं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. अळणी वाटलं तर वरून लिंबू पिळा.

सॉस वाटीतच कालवायचा: दोन छोटे चमचे सोया सॉस, एक व्हिनेगर, अर्धा साखर, एक कॉर्नफ्लोअर आणि पाव कप गार पाणी. गार म्हणजे गारच, गरम पाण्यात गुठळ्या होतात. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी पुन्हा एकदा ढवळा.

भाज्या कोणत्याही घ्या, फक्त तुकडे सारखे असू देत. एक गाजर, मूठभर फरसबी, एक सिमला मिरची, एक कांदा एवढं दोघांना पुरतं. गाजर आईसाठी अगदी पातळ, तिरकं. लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं, बारीक चिरून.

आता गॅस. आधी पंखा लावा, खिडकी उघडा. कढई आंच मोठी करून रिकामीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. मग तेल, मोठा चमचाभर. (हे लोखंडी कढईचं. आईचा नॉनस्टिक पॅन असा रिकामा तापवायचा नाही, त्याचा थर खराब होतो आणि फार तापला तर त्याचा धूरही वाईट.) चिकन निम्मंच टाका. सगळं एकदम टाकायचा मोह होईल, मलाही अजून होतो, पण एकदम टाकलं की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि चिकन परतलं जाण्याऐवजी उकडतं. रंग फिकट, चव पचपचीत. निम्मं टाका, पसरा आणि मिनिटभर हात लावू नका. बाबा, तुमच्यासाठी सगळ्यात अवघड काम हेच आहे. खालून तांबूस डाग पडले की तुकडे स्वतःच सुटतात, तेव्हा उलटा. दोन-तीन मिनिटांत ताटलीत काढा आणि उरलेलं तसंच करा.

त्याच कढईत गरज वाटली तर थोडं तेल, मग गाजर-फरसबी दोन मिनिटं. चमचाभर पाणी शिंपडलंत तर वाफेने लवकर मऊ पडतात. त्यावर कांदा आणि सिमला मिरची, आणखी मिनिटभर. आलं-लसूण आत्ता, सुरुवातीला नाही. एवढ्या आंचेवर तो आधी घातला तर जळून कडू होतो. वास सुटला की चिकन परत कढईत, सॉस ढवळून वरून, आणि एक मिनिट सगळं खालवर. सॉस बुडबुडून दाट आणि चकचकीत झाला की गॅस बंद. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसला तर आणखी मिनिटभर. आणि बाबा, थर्मामीटरवरचा नेमका आकडा तुम्ही विचारणारच, तर तो 74 अंश सेल्सिअस.

सोबत भात. भात आधीच लावून ठेवा, नाहीतर गरम स्टर-फ्राय भाताची वाट बघत पाणी सोडत बसतं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात. भात तर आणखी लवकर. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. आई, "टाकवत नाही" म्हणून तिसऱ्या दिवशी एकटीने खायचं नाही. मी वहिनीला डबे बघायला सांगितलंय.

आणि आई, तुझ्यासाठी नियम. रात्री आठ ते साडेआठ स्वयंपाकघरात यायचं नाही. "सरका, मी करते" म्हणायचं नाही. बाबा कांदा कसा चिरतात ते बघून सुस्कारे टाकायचे नाहीत, ते हॉलमधूनसुद्धा ऐकू येतात. पाय उशीवर घेऊन बस, तुझी मालिका बघ. लहानपणी मला ताप आला की तू सगळं सोडून माझ्या उशाशी बसायचीस आणि मी डोळे मिटून तुझ्या बांगड्यांचा आवाज ऐकत पडायची. तेव्हा घरात स्वयंपाक कुणी केला, काय केला, मला काहीच आठवत नाही. कुणाचं काही अडलं नव्हतं एवढं नक्की.

रोज चिकन खा असं नाही म्हणत. आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीच्या दिवसांचं पुढच्या पत्रात कळवते, पण तेही बाबाच करतील. बाबा, रक्त पातळ करायची तुमची ती गोळी चालू आहे तोवर हिरव्या पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, आहे तेवढंच ठेवा. म्हणूनच वर पालेभाजी लिहिलेली नाही.

पहिल्यांदा मंगळवारी करा. सोमवारी नको, सोमवारी तुमची बँकेची फेरी असते आणि तुम्ही चिडलेले असता. गॅस चालू असताना मला व्हिडिओ कॉल लावायचा नाही, एका हातात फोन आणि समोर तापलेली कढई हे मला चालणार नाही. जेवायला बसलात की लावा. चव कशी झाली ते आई सांगेल. बाबा, तुम्ही बोलायचं नाही, तुम्ही स्वतःला शंभरपैकी शंभर द्याल. आणि आई, बिघडलं असेल तर काय बिघडलं तेवढंच सांग, बुधवारी लगेच ओटा ताब्यात घेऊ नकोस.

गोळ्या वेळेवर घ्या. दोघांनीही.

तुमची,
धाकटी