डब्यांखालची कार्डं

सोलापूर,
शनिवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दादाच्या सोसायटीत सगळे विचारतात, धाकटी काय करते. मी सांगतो, कॉम्प्युटरवर चित्रं काढते. पण तेवढंच नाही, एवढं मला कळतं. तू एकदा कागदावर नीट लिहून पाठव, मी सावकाश वाचीन." फोनवर मला ते सांगताच आलं नसतं. तुम्ही "बरं बरं" म्हणाला असता आणि आईनं मधेच जेवलीस का विचारलं असतं. म्हणून आज जेवून, भांडी घासून लिहायला बसले आहे.

बाबा, मी व्हिडिओ गेम बनवते. त्यातली चित्रं काढते असं नाही, अख्खा गेम बनवते. आणि मला प्रोग्रॅमिंग फार थोडं येतं. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे समजायला मलाच तीन वर्षं लागली.

तुम्हाला आठवत असेल, आधी मी गड्ड्याच्या यात्रेवर गेम करत होते. सात महिने मी नुसतं काढत होते. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सिद्धेश्वर तलावात पडलेली दिव्यांची प्रतिबिंबं, होम मैदानातले पाळणे. साठच्या वर चित्रं झाली. आई रोज रात्री मागे येऊन बघायची आणि म्हणायची, "अगदी आपला गड्डा दिसतोय." दिसत होताच. पण ज्या दिवशी ती माणसं चालवायला घेतली, त्या दिवशी सगळं अडलं. गर्दीतल्या एकेका माणसाला सांगावं लागतं की कुठे जायचं, समोर कोणी आलं तर काय करायचं, भिंत आली तर कसं वळायचं. माझी माणसं देवळाच्या भिंतीतून आरपार जात होती, नाहीतर कोपऱ्यात एकावर एक साठत होती. मी दोन महिने झटले आणि फाईल बंद केली. त्या आठवड्यात मी जेवत नव्हते, आणि तुम्हाला वाटलं होतं की लग्नाच्या विषयावरून रागावले आहे. तसं नव्हतं गं आई.

त्यात काय चुकलं ते आता कळतं. चित्रकाराला चित्र काढणं जमतं, म्हणून तो आधी तेच करत बसतो. दिवसभर हात चाललेला असतो, संध्याकाळी दाखवायला काहीतरी असतं, आणि काम पुढे सरकतंय असं वाटतं. पण गेम म्हणजे चित्र नव्हे. खेळणाऱ्यानं काहीतरी केलं की समोर काय होतं, तो गेम. मी साठ चित्रं काढली आणि एकदाही हे तपासलं नव्हतं की कुणाला त्यात खेळावंसं वाटेल का. आता मी कुठलाही गेम आधी करड्या चौकोनांत करते. माणूस म्हणजे एक चौकोन, भिंत म्हणजे दुसरा. चौकोनांशी खेळताना मजा आली, तरच ब्रश हातात घेते. चित्रकलेत इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला हे फार जड जातं, पण दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

त्याच सुमारास एका कंपनीत मुलाखतीला गेले होते, तुम्हाला बोलले नव्हते. तिथल्या माणसानं माझी चित्रं बघितली आणि विचारलं, "कोड तुम्ही लिहीत नाही, मग गेम तुमचा कसा?" मला उत्तर सुचलं नाही. परत येताना टेंभुर्णीपर्यंत गाडीत रडले.

उत्तर घरातच होतं. तुम्ही दोघं पुण्याला गेल्यावर मी स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला काढलं. डाळीच्या डब्यांखाली आईनं पुठ्ठे अंथरले आहेत ना, भोकाभोकांचे? ती तुमच्या कारखान्यातली जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं आहेत. लहानपणी त्या भोकांतून मी उजेड बघायचे. या वेळी एक कार्ड ओट्यावर ठेवून मी तासभर बघत बसले. चहा तसाच गार झाला.

बाबा, तुम्ही मला शंभर वेळा सांगितलंय, पण मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. ग्राफच्या कागदावर तुम्ही चौकट भरली, की कार्डावर तिथे भोक पडतं. भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एका कार्डावर आडव्या एका धाग्याचा हिशोब, मग पुढचं कार्ड. कार्डांची माळ ओवलेली, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा, माझ्या कामात याच्यापेक्षा वेगळं काही नाही. उचल किंवा उचलू नको, एवढ्या दोनच गोष्टी कॉम्प्युटरला कळतात. आणि त्या माळेला आम्ही लूप म्हणतो. माझ्या गेमची माळ सेकंदाला साठ वेळा फिरते. दर फेरीला कॉम्प्युटर विचारतो: बटण दाबलंय का, धोटा कुठे पोचला, आता काय दाखवू?

आणि बाण्याचा आडवा धागा तुटला की माग थांबवणारा तो काटा? "धागा नसेल, तर थांब." हे अख्खं वाक्य प्रोग्रॅमिंगचं आहे, आणि तुम्ही ते तीस वर्षं कानांनी ऐकत होतात. माग थांबला की खटखट तुटते आणि तुम्ही मान वर करता.

मी मग वाचत गेले. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हा कार्डांचा माग आणला. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा आराखडा केला, तेव्हा यंत्राला हुकूम द्यायला कार्डंच वापरायची असं ठरवलं आणि ती कल्पना या मागावरून घेतली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक व्यक्तिचित्र होतं. त्या एका चित्राला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. तुमच्या चादरीवरच्या मोराला किती लागली होती हो? आल्यावर सांगा.

तर मी नवा गेम विणकामाचाच घेतला. पडद्यावर ग्राफचा कागद. वर नक्षी दाखवलेली असते, खाली रिकामा माग. खेळणाऱ्यानं प्रत्येक ओळीत कोणते धागे उचलायचे ते ठरवायचं, धोटा जातो, ओळ विणली जाते. गर्दी नाही, भिंती नाहीत, सगळं चौकटींत. जे मला प्रोग्रॅम करता येतं तेवढंच त्यात आहे, आणि मला ते अपुरं वाटत नाही. मग आपल्या चादरीची आठवण झाली. एका बाजूनं मरून जमिनीवर पांढरा मोर, उलटली की पांढऱ्यावर मरून. मी चादर उलटायचं बटण ठेवलं. भरलेली चौकट रिकामी, रिकामी ती भरलेली, कोडची एक ओळ. काही कोडी फक्त मागच्या बाजूनंच सुटतात. ज्यांना ज्यांना खेळायला दिला, ते सगळे त्या बटणावरच बोलतात. मुरलेला प्रोग्रॅमर कदाचित शंभर गोष्टी घालेल, पण चादर उलटायचं त्याला सुचेलच असं नाही. त्यानं सोलापुरात चादर पांघरलेली असायला हवी.

हे मी कशात करते तेही सांगते. सुरुवात जीडेव्हलप नावाच्या मोफत साधनात केली. त्यात लिहावं लागत नाही. डावीकडे अट, उजवीकडे कृती, यादीतून निवडायचं. पहिली पायरी म्हणून फार चांगलं. पण जाहिरातींत म्हणतात ना, "कोडिंग न शिकता गेम बनवा", ते मला पटत नाही. अट मांडणं, कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर हे ठरवणं, चूक शोधणं, हे सगळं तिथेही करावंच लागतं. अक्षरांच्या जागी ठोकळे आले, एवढाच फरक. माझे ठोकळे इतके वाढले की मलाच सापडेनात, तेव्हा मी गोडो नावाच्या दुसऱ्या साधनाकडे वळले. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. एक पैसा द्यावा लागत नाही, गेम विकला तरी नाही. त्यातली भाषा मी रोज पहाटे एक तास शिकते, तुम्ही देवपूजेला बसायचात त्या वेळात. हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं की तोच कोड लिहून देतो. मीही घेऊन पाहिला. चालला, पण बिघडल्यावर मला तो दुरुस्त करता येईना, कारण माझा नव्हताच. आता जी ओळ मला वाचता येत नाही, ती मी ठेवत नाही.

दादाच्या पिल्लूला मागच्या महिन्यात गेम पाठवला होता. त्याचा फोन आला, "आत्या, धोटा दिसतच नाही!" माझ्याकडे तर नीट चालत होता. दोन रात्री शोधत होते. माझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, त्याचा नवा पडदा १४४ वेळा. मी धोट्याला सांगितलं होतं, दर चित्राला इतकं पुढे सरक. म्हणजे त्याच्याकडे तो जवळजवळ अडीचपट पळत होता. फेऱ्या मोजायच्या नसतात, मधे गेलेला वेळ मोजायचा असतो. त्या वेळेनं गुणलं आणि धोटा ताळ्यावर आला. ही चूक प्रत्येक नवखा करतो म्हणे. पण बाबा, ती माझी मी शोधली, माझी मी सुधारली, त्या रात्रीचा आनंद मला कुठल्याही चित्रानं दिला नव्हता. पहाटे तीनला कुणाला सांगू असं झालं होतं आणि घरात कोणी नव्हतं.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. दादा कॅसेट घालून खेळायचा तो टोपीवाला मिशीवाला मारिओ आठवतो? तो काढणारे शिगेरू मियामोतो हे प्रोग्रॅमर नव्हते. ते जपानमध्ये कानाझावाच्या कला महाविद्यालयात डिझाईन शिकले होते. १९८१ साली त्यांना मोजक्या चौकटींत माणूस बसवायचा होता. एवढ्याशा जागेत केस नीट दाखवता येईनात, म्हणून टोपी घातली. तोंड दिसेना, म्हणून मोठं नाक आणि मिशी दिली. तुम्ही पोपटाची चोच एक चौकट पुढे काढायचात, "नाहीतर कबुतर दिसतं" म्हणून. तेच आहे हे.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, पोटापाण्याचं काय. पुस्तकांच्या चित्रांची हातातली कामं मी पुरी करून देते आहे, पण गुढीपाडव्यापर्यंत नवीन घेणार नाही. साठवलेले पैसे तोवर पुरतात, मी वहीत मांडून पाहिलंय. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले ३० टक्के ते ठेवतात. किती विकला जाईल हे मी सांगू शकत नाही आणि खोटा धीर देणार नाही. वेळेचंही तसंच. डीन डॉड्रिल नावाचा एक चित्रकार, ॲनिमेशन आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही स्वतःच शिकलेला, तीन महिन्यांत गेम होईल असं धरून बसला आणि त्याला साडेतीन वर्षं लागली. २०१२ मध्ये तो गेम आला. माझा पाडव्याला नाही झाला, तर मी पुन्हा चित्रांची कामं घेईन आणि रात्री हे करीन. पण आधी हे चार महिने मला पूर्ण द्यायचे आहेत. बाबा, तुम्ही "तुझं तू बघ" म्हणता तेव्हा त्यात राग आहे की विश्वास, मला कळत नाही. या वेळी तुम्ही स्पष्ट सांगावं असं वाटतं.

घरातलं: तुळस बरी आहे. पाणी चार दिवसांआड येतंय, पिंप भरून ठेवते. शेजारच्या काकू भाजी देतात, कडक भाकऱ्या अजून डबाभर आहेत. आई, व्यायाम टाळू नकोस. दुखलं तरी गुडघा वाकवायचाच, डॉक्टरांनी मला वेगळं बाजूला घेऊन सांगितलंय. गड्ड्याच्या आत दोघं परत या.

आपली ती मोराची चादर मी सध्या पांघरते. तीच, एका मोराला डोळा नसलेली. कार्डावर एक भोक राहिलं म्हणून त्या खेपेच्या सगळ्या चादरींत तो मोर आंधळा आला होता, आणि कारखान्यानं त्या कामगारांना स्वस्तात दिल्या होत्या. मी तो मोर गेममध्ये घेतला आहे. शेवटच्या कोड्यात खेळणारा त्याचा डोळा भरतो.

काका उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र, शेंगाचटणीचे दोन डबे आणि बाबांचा जुना चष्मा पाठवते. पाकिटात चार ग्राफचे कागद आहेत, ४८ बाय ४८ चौकटी. बाबा, मला काठ जमत नाहीये. कोपऱ्यावर वेल वळवताना माझी फसते. दोनच रंग वापरायचे, आणि उलटल्यावरही वेल दिसली पाहिजे. पेन्सिलीनं काढलंत तरी चालेल. काका गुरुवारी परत येणार आहेत, तोवर एक तरी कोपरा होतो का बघा.

तुमची,
धाकटी