बिडीच्या छाटीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शाळांवरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि डोके फिरले म्हणून दुपारी परत. सरकारी शाळा ही वरच्या वर्गाने गोरगरिबांना मुठीत ठेवायला काढलेली युक्ती, घंटा म्हणजे गिरणीच्या भोंग्याची तालीम, गृहपाठ म्हणजे वेठबिगार. लेखकमहाशयांचे मराठी झकास आहे. ते कुठल्या शाळेत कमावले तेवढे लिहायचे राहून गेले.

भोंग्याचे म्हणाल, तर तो आम्हा नागपूरकरांना कोणी समजावू नये. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. माझे आजोबा तिथे कामाला होते. शाळेची पायरी कधी चढले नाहीत, तरी भोंगा झाला की हातातली भाकर टाकून धावत सुटायचे. त्यासाठी घंटेची तालीम लागली नव्हती, घरात खाणारी सात तोंडे पुरली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून गोखल्यांनी विधेयक आणले ते १९११ ला, गिरणी चालू होऊन चौतीस वर्षे झाल्यावर. दुसऱ्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पाडणाऱ्यांत सरकारी सभासद होते, जमीनदार होते. गरिबांची पोरे शाळेत घालूनच काबूत ठेवायची असती, तर हीच मंडळी घरोघर पाट्या वाटत फिरली असती की! त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनला लेखी दिले होते की पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. तुमच्या लेखात मेकॉले तीनदा येतो, जोतीराव एकदाही नाही. असो.

आता माझे सांगतो. आई बिड्या वळायची. ठेकेदार पाने आणि तंबाखू तोलून द्यायचा आणि शनिवारी वळलेल्या बिड्या मोजून घ्यायचा. मजुरी हजारावर. पण मोजायला बसला की हातात येईल तो झुपका बाजूला फेकायचा, "ही छाट." छाटीचे पैसे नाहीत, आणि छाटलेल्या बिड्या परतही मिळायच्या नाहीत. त्या कुठे जायच्या हे सगळ्या बायांना माहीत होते. आईला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हते.

मी तेव्हा कार्पोरेशनच्या शाळेत चौथीत होतो. शाळा काही स्वर्ग नव्हती. मास्तर डस्टर फेकून मारायचे. बिडीच्या घरातल्या पोरांच्या कपड्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून आम्हाला दाराजवळ बसवायचे, पावसाळ्यात दप्तर भिजायचे. लेखकाला हे लिहिता आले असते, मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच दाराजवळ बसून मी बेरीज-वजाबाकी शिकलो, आणि भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर दर शनिवारची छाट लिहायला लागलो. महिनाअखेर ठेकेदाराने त्याचा आकडा सांगितला, मी माझा वाचून दाखवला. ओसरीवरच्या बाया गप्प. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलेही नाही, आईला म्हणाला, "बाई, पोट्ट्याले शाळेत घालून तू त्याले बिघडवलं."

पैसे वाढवून मिळाले नाहीत. पुढच्या आठवड्यात पाने फाटकी मिळाली. आईने घरी आल्यावर मला दोन ठेवून दिल्या. त्यानंतरच्या शनिवारी निघताना मात्र तिने न बोलता ती वही पिशवीत टाकली. पुढे चाळीस वर्षे मी टपाल खात्यात लोकांच्या मनीऑर्डरी वाचून दाखवल्या. शाळेने गुलाम केलेला माणूस म्हणून माझा फोटो छापायला हरकत नाही.

वरचे लोक ताबा कसा ठेवतात हे पाहायचे असेल, तर कोणाच्या पोरीने कोणाच्या पोराशेजारी बसायचे ते कोण ठरवतो ते पाहा. राज्य सरकारची ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना आठवते का? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गोरगरिबांच्या मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांतून सुटका. शहरात एक किलोमीटरमध्ये अशी एखादी शाळा सापडतेच, म्हणजे जवळजवळ सगळेच सुटले. आमच्या गल्लीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीचा अर्ज भरायला मीच बसलो होतो. पोर्टलवर पर्याय आले ते बहुतेक सरकारी आणि अनुदानित. जिच्या फाटकासमोर तिची आई सकाळी सायकल लावते, त्या शाळेचे नाव यादीतून गायब. १९ जुलैला उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, चांगलेच झाले. पण तोवर मुलीचे नाव कार्पोरेशनच्या शाळेत घालून झाले होते. त्या बाईने किती वाट पाहायची?

आणि हो, तुमच्याच अंकात त्या लेखाच्या मागच्या पानावर वातानुकूलित वर्गांच्या शाळेची पानभर रंगीत जाहिरात होती. एका बाजूला शाळा म्हणजे बेडी, पान उलटले की प्रवेश सुरू!

वातानुकूलित वरून आठवले. २०२५ साली राज्यभरच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. वेळापत्रक पुण्यात ठरते, ऊन आमच्या डोक्यावर. माझी नात पेपर देऊन घरी आली की आधी माठाला चिकटायची, चप्पलसुद्धा काढायची नाही. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात ते काय हौस म्हणून? यावर तुमच्या पुरवणीत एखादा लेख येईल असे वाटले होते.

लेखमालेचा पुढचा भाग येत्या रविवारी असल्याचे छापले आहे. त्याखाली लेखकाची मुले कोणत्या शाळेत जातात एवढी एक ओळ टाकावी. माझे मागचे पत्र अर्धे कापून छापले होते. हेही कापायचे असेल तर एप्रिलच्या उन्हाचे कापा, आईचे ठेवा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
पाचपावली, नागपूर