अंगणातला ट्रक आणि तुझं प्रेशर

डिचोली, गोवा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली उभा राहून तू ऑफिसशी बोलत होतास, तेव्हा तुझ्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. रात्री पट्टा बांधला तर १५४/९८. सकाळीही जवळपास तेवढंच. तू हसलास. "बाबा, टेन्शन डोक्यात असतं. प्रोजेक्ट संपला की उतरेल."

हे "उतरेल" मी फार्मसीच्या काउंटरवर फार ऐकलंय. घरीही ऐकलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि काकाचा ट्रक दोन पावसाळे अंगणात उभा राहिला. बँकेचे हप्ते मात्र चालूच. तापाची गोळीसुद्धा न घेणारा माणूस, त्याचं प्रेशर चढलं. पुढे ट्रक विकला, कर्ज फिटलं, झोप परत आली. प्रेशर तेवढं राहिलं.

टेन्शन डोक्यात सुरू होतं, तिथे बसून राहत नाही. मेंदूच्या तळाला हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा भाग आहे. संकट दिसलं की तो पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरतं. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला थांबवतं. पण संकट रोजचंच असेल तर हा ब्रेक झिजतो, अनमोड घाट उतरणाऱ्या ट्रकाचा झिजावा तसा.

दुसरी वाट मज्जातंतूंची. त्याच हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर हृदय जोर धरतं, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंड रेनिन सोडतं. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आणखी आवळतं आणि शरीराला मीठ धरून ठेवायला लावतं. खरी लबाडी पुढे आहे. हेच अँजिओटेन्सिन मेंदूवरही काम करतं, त्याच केंद्रांना पुन्हा डिवचतं, पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं. चक्र आपलं आपणच फिरत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, मग प्रोजेक्ट संपो न संपो. काकाचं तसंच झालं असावं.

गोळीची तुला लाज वाटते, तेही कळलं मला. अरे, पोर्तुगिजांनी ज्या ब्राझीलमधून आपल्याकडे काजू आणला, तिथल्याच एका सापाच्या विषावरून अँजिओटेन्सिन बनण्याची वाट अडवायचा सुगावा लागला आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल हे प्रेशरचं औषध बाजारात आलं. मी रोज विकतो ते टेल्मिसार्टन त्याच साखळीची पुढची कडी अडवतं. तुला गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. तू आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं गप्प बसून, मोज आणि वहीत लिहून त्यांच्याकडे घेऊन जा. मोजताना फोन दुसऱ्या खोलीत.

शनिवारच्या बसने आई कोकमाची सोलं पाठवतेय, यंदा बिनमिठाची. लोणचं मागू नकोस, दिलेलं नाही. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, एक पुडी तिने माझ्या नकळत तळाशी सारली आहे. मी पाहिली, पण काही बोललो नाही.

तुझा,
बाबा