घरभाड्याच्या अर्जात साथ देणाऱ्यांचे आभार
न्यू जर्सीत पतीच्या निधनानंतर घरभाडे पेलेनासे झाले, तेव्हा स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाकडे हाउसिंग चॉइस व्हाउचरसाठी, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना घरभाड्यात मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, अर्ज करताना ज्यांनी मला मदत केली, त्यांपैकी अनेकांची नावेही मला ठाऊक नाहीत. पत्ता बदलल्याचे कळवले नाही तर प्रतीक्षायादीतून नाव गळू शकते, हे ग्रंथालयातील ज्या ताईंनी वेळीच सांगितले, त्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे. उत्पन्नाचे दाखले आणि ग्रीन कार्डाची प्रत नीट लावून देणारे गृहस्थ, तसेच व्हाउचर मिळाल्यावर घर शोधण्यासाठी असलेल्या ६० दिवसांच्या मुदतीत माझ्यासोबत घरे पाहत हिंडलेली शेजारीण यांचीही मी मनापासून आभारी आहे. आता उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे मी भरते. उरलेले प्राधिकरण थेट घरमालकाला देते.