भाकितापूर्वी मोजमाप तपासा

मा. संपादक, स. न.

कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत कोणती जनुके सक्रिय आहेत, यावरून रोगाची वाटचाल वर्तवण्याचे प्रयत्न चालू आहेत. गोम मोजमापात आहे. गाठीत या पेशी थोड्याच असतात. गाठीचा सगळा तुकडा एकत्र करून आरएनए (सक्रिय जनुकाची पेशीत बनणारी नक्कल) मोजला, तर जनुक जास्त सक्रिय आहे की रक्तवाहिन्याच जास्त, हे कळत नाही. म्हणून सीडी३१सारख्या खुणेने (हे अस्तरपेशींवर आढळणारे प्रथिन) या पेशींचे प्रमाण आधी काढावे. फॉर्मॅलिन या रसायनात टिकवलेल्या नमुन्यात आरएनए तुटतो, तो घोळ वेगळाच. आणि हजारो जनुकांतून शंभरेक रुग्णांवर बेतलेले भाकिताचे सूत्र त्याच रुग्णांवर पडताळणे म्हणजे फुटलेल्या पेपरावर परीक्षा! कितीच्या वर धोका जास्त मानायचा ती सीमारेषा आधी ठरवून, दुसऱ्याच रुग्णगटावर, वय व रोगाचा टप्पा जमेस धरूनही सूत्र टिकले, तरच ते उपचार ठरवताना वापरावे.

– एक वाचक